गळक्या होडीचा दावा

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. पण होड्या आहेत. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणात पर्यटकांना नौकाविहार घडतो, राहुरीच्या मुळा धरणात मासेमारी चालते, आणि १९७६ साली उद्घाटन झालेल्या जायकवाडीचा फुगवटा शेवगाव व नेवासे तालुक्यांत शिरलेला आहे. होडी म्हटली की दुरुस्ती आली आणि दुरुस्तीमागोमाग तक्रारही आली. ठेकेदार पैसे घेतो, सांधे बुजविल्याचे सांगतो, आणि होडी लोटताच तळातून पाणी वर येऊ लागते. होडीवाला फार तर चार शब्द सुनावतो; कोर्टाची पायरी चढणे त्याला गळक्या होडीपेक्षाही धोक्याचे वाटते.

वस्तुतः कायदा त्याला वाटतो तितका परका नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार, दुरुस्तीसाठी सोपविलेल्या वस्तूची सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी कारागिराने घेतली पाहिजे. मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा त्याचा हक्कसुद्धा, ज्यासाठी ती सोपविली ते काम केले असेल तरच. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला आणि सदोष सेवेबद्दल दाद मागण्याची सोय झाली. २०१९ च्या नव्या कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे जाण्याची मुभा दिली. ठेकेदार परजिल्ह्यातला असला तरी हेलपाटे वाचले, हे लहान काम नव्हे.

तथापि ठेकेदाराचा वकील पहिला आक्षेप ठरलेला घेतो : मासे विकणारा हा व्यापारी, ग्राहक कसला? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात देऊन ठेवले आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेले साधन म्हणजे व्यापार नव्हे. सेवा व्यापारी हेतूने घेतली हे सिद्ध करण्याचा भार सेवा देणाऱ्यावर असतो, असेही याच न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. मात्र होड्यांचा ताफा बाळगून पगारी माणसांकरवी त्या चालविणाऱ्याला हा आधार मिळणे अवघड.

खरी अडचण पुराव्याची आहे. दावा जिंकायचा तर सदोष होडी काठावर जशीच्या तशी राहिली पाहिजे, आणि चूल पेटायची तर ती पाण्यात गेली पाहिजे. आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. तेवढ्यात निकाल क्वचितच लागतो. शिवाय नुकसान कमी करण्याचे जे उपाय हाती होते त्यांचाही हिशेब न्यायालय करते, म्हणून हात बांधून बसणेही परवडत नाही. तेव्हा दुसऱ्याकडून होडी नीट करून घ्यावी. परंतु त्याआधी छायाचित्रे, दुसऱ्या जाणत्या कारागिराचा लेखी अभिप्राय आणि ठेकेदाराला पाहणीची नोटीस, एवढे झालेच पाहिजे.

बुडालेल्या रोजगाराचे काय? १८५४ साली इंग्लंडात एका गिरणीचा मोडलेला दांडा वाहतूकदाराने उशिरा पोचविला आणि गिरणी बंद राहिली. त्याविना गिरणी थांबेल याची पुरेशी कल्पना वाहतूकदाराला नव्हती, म्हणून बुडालेला नफा मालकाला मिळाला नाही. आपल्या करार कायद्यातील नुकसानभरपाईचे कलम याच वळणाचे आहे. म्हणून होडी देतानाच अमुक तारखेपासून मासेमारी सुरू होणार हे चिठ्ठीत लिहून ठेकेदाराची सही घ्यावी. कोणते सांधे, कोणता माल, आगाऊ किती, हेही त्यातच यावे. आपल्याकडे हा सारा व्यवहार तोंडी होतो आणि पावती मागणे म्हणजे अविश्वास मानला जातो.

आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची, दिवाणी दाव्याची तीन. ठेकेदार ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणत असतो, तेव्हाही या दोन्ही मुदती सरतच असतात.