एक यंत्र, दोन कारभारी

संगणक हे यंत्र आज शाळेत, कचेरीत, बँकेत आणि पुष्कळांच्या घरीही आढळते. त्यावर आपण निबंध लिहितो, चित्रे काढतो, हिशेब मांडतो. परंतु नुसते यंत्र आपल्या बळावर यांतील एकही काम करू शकत नाही. कळफलकावर कोणते अक्षर दाबले गेले हे ओळखणे, ते पडद्यावर उमटविणे, लिहिलेला मजकूर जतन करून ठेवणे आणि मागताक्षणी तो शोधून देणे, ही सारी कामे यंत्राकडून करवून घ्यावी लागतात. ती करवून घेणाऱ्या आज्ञावलीस 'कार्यप्रणाली' असे म्हणतात. बोलण्यात 'ऑपरेटिंग सिस्टीम' हेच नाव अधिक रूढ आहे.

पूर्वी मोठ्या वाड्यात एक कारभारी असे. कोठाराच्या किल्ल्या त्याच्याजवळ, गड्यांना कामे वाटून देणारा तोच, आणि आलेल्या पाहुण्याची व्यवस्था पाहणाराही तोच. संगणकातील कार्यप्रणाली ही अशीच कारभारी होय. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीची 'विंडोज' ही कार्यप्रणाली तुमच्या पाहण्यात असेल. 'लिनक्स' ही दुसरी प्रसिद्ध कार्यप्रणाली आहे. तिची घडण कोणालाही वाचता येते, तीत सुधारणा करता येते आणि ती बहुधा विनामूल्य मिळते. लिनक्सच्या पायावर निरनिराळ्या लोकांनी निरनिराळे संच तयार केले आहेत. 'उबुंटू' हा त्यांपैकी एक. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने 'बॉस' नावाचा संच तयार केला असून त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांतून काम करता येते.

एका वाड्यात दोन कारभारी नेमले तर भांडणे व्हायचीच, असे कोणीही म्हणेल. तरीही एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही कार्यप्रणाली ठेवता येतात, आणि जगात असंख्य लोक त्या तशा ठेवतात. हे कसे साधते आणि त्यासाठी कोणती काळजी घ्यावी लागते, ते आपण पाहू.

प्रथम, दोन कार्यप्रणाली हव्यात तरी कशाला? याची कारणे व्यवहारातील आहेत. एखाद्या दुकानदाराची हिशेबाची आज्ञावली फक्त विंडोजवर चालते, पण त्याच्या मुलीला महाविद्यालयाच्या अभ्यासासाठी लिनक्स लागते. दोघांसाठी दोन यंत्रे घेणे सर्वांनाच परवडत नाही. दुसरे कारण जुन्या यंत्रांचे आहे. 'विंडोज १०' या आवृत्तीला मिळणारा सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा नेहमीचा विनामूल्य पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुष्कळ जुने संगणक पुढच्या 'विंडोज ११' या आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत. असे यंत्र टाकून देण्याऐवजी इंटरनेटवरील कामांसाठी त्यावर लिनक्स बसवावे आणि एखाद्या जुन्या आज्ञावलीपुरते विंडोजही राहू द्यावे, हा शहाणपणाचा मार्ग ठरतो.

खुद्द लिनक्सचा जन्मही अशाच एका यंत्रावर झाला. १९९१ साली फिनलंड देशातील हेलसिंकी येथे लिनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी राहत होता. त्याने नवा संगणक घेतला, तेव्हा त्यावर 'डॉस' ही कार्यप्रणाली होती. तिच्या जोडीला त्याने 'मिनिक्स' नावाची दुसरी कार्यप्रणाली बसविली. ही मिनिक्स अँड्र्यू टॅननबाउम या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी १९८७ साली तयार केली होती. मिनिक्सवर काम करता करता लिनसने स्वतःची कार्यप्रणाली लिहावयास घेतली आणि ऑगस्ट १९९१ मध्ये ती वार्ता इतरांना कळविली. पुढे काही महिन्यांनी एक विलक्षण घटना घडली. दूरध्वनीच्या तारेवरून विद्यापीठाच्या संगणकाशी जोडणी करण्याचा संदेश त्याने चुकून आपल्याच डिस्ककडे पाठविला. संदेशातील अक्षरे मिनिक्सच्या जागेवर जाऊन लिहिली गेली आणि मिनिक्स नष्ट झाली. ती पुन्हा बसवावी की आपल्या नव्या प्रणालीवरच विसंबावे, असा प्रश्न पडला, तेव्हा त्याने दुसरा मार्ग पत्करला. त्याचे काम यातून पुढेच गेले हे खरे. पण एका चुकीच्या आज्ञेने डिस्कवरील सारे नाहीसे होऊ शकते, हेही या घटनेवरून ध्यानात येते.

आता संगणक सुरू होताना काय घडते ते पाहू. संगणकात माहिती राहण्याच्या दोन मुख्य जागा असतात. एक डिस्क, तीवर लिहिलेले वीज गेली तरी टिकते. दुसरी 'रॅम', म्हणजे कामापुरती स्मृती. ती वीज जाताच कोरी होते. आपण कळ दाबतो त्या वेळी रॅम रिकामीच असते. म्हणून यंत्राच्या मुख्य पाटीवरील एका चिपमध्ये एक छोटी आज्ञावली कायमची साठविलेली असते. जुन्या यंत्रांत तिला 'बायॉस' म्हणत. नव्या यंत्रांत तिची जागा 'यूईएफआय' या व्यवस्थेने घेतली आहे. यंत्राचे भाग जागेवर आहेत ना, हे ती तपासते आणि मग डिस्कवरील 'बूट लोडर' नावाच्या दुसऱ्या आज्ञावलीला हाक मारते. बूट लोडर कार्यप्रणालीचा गाभा डिस्कवरून उचलून रॅममध्ये आणून ठेवतो. तेथून पुढे सारा कारभार कार्यप्रणालीच्या हाती जातो.

दोन कारभाऱ्यांचे भांडण का होत नाही, याचे उत्तर यातच आहे. डिस्कवर दोन्ही कार्यप्रणाली असल्या, तरी बूट लोडर त्यांतील एकीलाच जागे करतो. विंडोज काम करीत असताना लिनक्स डिस्कवर स्वस्थ पडून असते; लिनक्स चालू असताना विंडोज तशीच निद्रिस्त असते. एकीकडून दुसरीकडे जायचे तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. दोघांच्या पाळ्या ठरलेल्या असल्यामुळे किल्ल्यांसाठी ओढाताण होत नाही.

पाळीचा प्रश्न असा सुटला, तरी जागेचा प्रश्न उरतोच. तो सोडविण्यासाठी डिस्कची वाटणी करावी लागते. शेताची वाटणी कशी होते हे खेड्यातील मुलांना ठाऊक आहे. मोजणी होते, बांध घातला जातो आणि कोणाची जमीन कोठून कोठपर्यंत याची नोंद दप्तरात होते. डिस्कचेही असेच आहे. तिच्या प्रत्येक भागास 'पार्टिशन' म्हणतात, आणि कोणता भाग कोठे सुरू होतो व कोठे संपतो याची नोंद डिस्कच्या आरंभीच एका कोष्टकात असते. जुन्या पद्धतीत हे कोष्टक अवघ्या ५१२ बाइट जागेत बूट लोडरच्या आरंभीच्या भागासह बसवीत, त्यामुळे मुख्य भाग चारच करता येत. 'जीपीटी' या नव्या पद्धतीत सामान्यतः १२८ भागांची सोय असते, आणि कोष्टकाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

वाटणी झाल्यावर प्रत्येकजण आपल्या भागात आपल्या पद्धतीने पीक घेतो. विंडोज आपल्या भागात 'एनटीएफएस' या पद्धतीने माहिती मांडते, तर लिनक्स बहुधा 'एक्स्ट४' ही पद्धत वापरते. लिनक्सला विंडोजची मांडणी वाचता येते; विंडोजला मात्र लिनक्सची मांडणी आपण होऊन वाचता येत नाही. त्यामुळे दोहोंकडून लागणारी कागदपत्रे विंडोजच्या मांडणीतील एखाद्या भागात ठेवणे सोयीचे पडते.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. यातील क्रम महत्त्वाचा आहे, आणि प्रत्येक पायरीला कारण आहे.

पहिली पायरी म्हणजे डिस्कवरील सर्व मोलाच्या गोष्टींची प्रत दुसरीकडे काढून ठेवणे. बांध चुकीच्या जागी पडला, तर छायाचित्रे, पत्रे, हिशेब, सारे एका क्षणात जाऊ शकते, आणि गेलेले परत मिळेलच असे नाही. ही प्रत त्याच डिस्कवर ठेवून उपयोग नाही. ती वेगळ्या डिस्कवर असावी. विंडोजने डिस्क 'बिटलॉकर' या कुलपाने बंद केली असेल, तर त्या कुलपाची ४८ अंकी किल्लीही लिहून जवळ ठेवावी. यंत्राच्या मांडणीत बदल झाल्याचे आढळले, तर विंडोज ती किल्ली मागू शकते.

दुसरी पायरी म्हणजे जागा मोकळी करणे. विंडोजमधील 'डिस्क मॅनेजमेंट' या सोयीने विंडोजचा भाग थोडा आखडता घेता येतो. उबुंटूसाठी निदान २५ गिगाबाइट जागा असावी. ५० ते ६० असल्यास उत्तम. मोकळी झालेली जागा रिकामीच राहू द्यावी.

तिसरी पायरी म्हणजे विंडोजचा 'फास्ट स्टार्टअप' हा पर्याय बंद करणे. तो चालू असताना संगणक बंद केला, तरी विंडोज पुरती झोपत नाही; आपले अर्धवट काम डिस्कवर नोंदवून ती नुसती डोळे मिटते. अशा वेळी लिनक्सने तिच्या भागात काही लिहिले, तर जागी झाल्यावर तिच्या नोंदी जुळत नाहीत आणि माहिती बिघडते.

चौथी पायरी म्हणजे उबुंटूचा संच अधिकृत ठिकाणाहून उतरवून घेऊन पेनड्राइव्हवर चढविणे. त्यासाठी किमान ८ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह घ्यावा आणि त्यावरील जुना मजकूर पुसला जातो हे ध्यानात ठेवावे. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला, म्हणजे डिस्कला हात न लावता लिनक्स चालवून पाहता येते. ध्वनी, पडदा, इंटरनेट हे सर्व ठीक चालते ना, हे तेव्हाच पाहून घ्यावे.

यानंतर प्रत्यक्ष बसविण्याचे काम. येथे संगणक विचारतो की, उबुंटू विंडोजच्या शेजारी बसवू की सारी डिस्क पुसून बसवू? हा प्रश्न दोनदा वाचावा. घाईने दुसरा पर्याय निवडल्यामुळे घरातील वर्षानुवर्षांचा ठेवा पुसला जाऊ शकतो. आपल्याला शेजारी बसविण्याचा पर्याय हवा असतो.

विंडोज आधी आणि लिनक्स नंतर, हा क्रमही सहेतुक आहे. लिनक्सबरोबर येणारा 'ग्रब' नावाचा बूट लोडर आधीपासून असलेल्या विंडोजचीही नोंद घेतो आणि संगणक सुरू होताना दोघांची नावे पडद्यावर मांडतो. काही सेकंदांत आपण बाणाच्या कळीने हवे ते नाव निवडायचे. विंडोज मागाहून बसविली, तर ती आपलाच बूट लोडर पुढे करते, आणि लिनक्स डिस्कवर असूनही तिच्याकडे जाण्याची वाट दिसेनाशी होते.

सर्व नीट झाल्यावरही कधी कधी एक गंमत घडते. लिनक्स वापरून मग विंडोजमध्ये गेले, की घड्याळ साडेपाच तास मागे गेलेले दिसते. यंत्र बिघडलेले नसते. यंत्राच्या आतील घड्याळात लिनक्स सामान्यतः जागतिक प्रमाणवेळ ठेवते, तर तेथे स्थानिक वेळ आहे असे विंडोज मानते. आणि भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. लिनक्सला एक आज्ञा देऊन आतील घड्याळात स्थानिक वेळ ठेवावयास सांगितले, की हा मतभेद मिटतो.

मुलांनो, हे काम अवघड नाही, पण उतावळेपणाचेही नाही. घरातील अथवा शाळेतील संगणक अनेकांचा असतो. त्यावर कोणाचा हिशेब असतो, तर कोणाच्या आठवणी असतात. म्हणून वडीलधाऱ्यांची किंवा शिक्षकांची अनुमती घेऊन, त्यांना जवळ बसवूनच हे काम करावे. आधी ठेवा सुरक्षित करावा, मग बांध घालावा आणि त्यानंतरच नव्या कारभाऱ्याला घरात घ्यावे. हा क्रम पाळला, तर एकाच यंत्रात दोघेही सुखाने नांदतात आणि कोणाचेही काही गमावत नाही.