निंटेंडो ६४ च्या एम्युलेटरमधील प्लगइनची निवड

एका संगणकाचे वर्तन दुसऱ्या संगणकावर आज्ञावलीच्या साहाय्याने घडवून आणणे, हे एम्युलेटरचे कार्य होय. मूळ खेळयंत्रांचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला असल्यामुळे जुन्या खेळांच्या अभ्यासकाला याच साधनाचा आश्रय करावा लागतो. परंतु पडद्यावर दिसणारे चित्र मूळ यंत्राचे किती आणि एम्युलेटरचे किती, हा प्रश्न त्याने आरंभीच विचारावयास हवा. निंटेंडो ६४ च्या बाबतीत तो विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण त्याच्या काही प्रमुख एम्युलेटरांत चित्र, ध्वनी, नियंत्रण आणि सहप्रक्रिया ही चार कामे मुख्य आज्ञावलीपासून अलग करून प्लगइन नामक बदलता येणाऱ्या घटकांकडे सोपविलेली असतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रोजेक्ट ६४ ची आणि पुढे म्युपेन ६४ प्लसची रचना याच तत्त्वावर झालेली आहे.

या विभागणीचे मूळ यंत्राच्या घडणीत सापडते. १९९६ साली बाजारात आलेल्या या यंत्रात ९३.७५ मेगाहर्ट्झ गतीचा मुख्य प्रक्रियक आणि सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने आखलेला ६२.५ मेगाहर्ट्झ गतीचा सहप्रक्रियक होता. सहप्रक्रियकाचे दोन प्रमुख भाग होते. आर.एस.पी. हा भाग भूमितीची व ध्वनीची गणिते करी, आर.डी.पी. हा त्या गणितांवरून प्रत्यक्ष चित्रबिंदू रंगवी. आर.एस.पी.चे वर्तन कायमचे ठरलेले नव्हते. प्रत्येक खेळ आपल्याबरोबर मायक्रोकोड नावाची लहानशी आज्ञावली आणून त्या भागात भरीत असे. शिवाय ४ मेगाबाइटांची मुख्य स्मृती सर्व भागांना सामायिक होती. त्यामुळे रंगविलेले चित्र मुख्य प्रक्रियकाला पुन्हा वाचता येत असे.

अशा यंत्राचे अनुकरण दोन मार्गांनी करता येते. पहिल्या मार्गात मायक्रोकोड ओळखून त्याच्या आज्ञांचा आशय आधुनिक चित्रकार्डाच्या आज्ञांत उतरविला जातो. यास उच्चस्तरीय अनुकरण म्हणतात. जानेवारी १९९९ मध्ये, यंत्र अद्याप विक्रीस असतानाच, अल्ट्रा-एचएलई या एम्युलेटरने या मार्गाचे सामर्थ्य सिद्ध केले. दुसऱ्या, निम्नस्तरीय मार्गात मायक्रोकोडची प्रत्येक आज्ञा जशीच्या तशी पार पाडली जाते. पहिला मार्ग वेगवान आहे, परंतु ओळखीचा मायक्रोकोड नसेल तेथे तो अडतो. ‘रोग स्क्वाड्रन’ (१९९८) या खेळाच्या निर्मात्यांनी स्वतःचा मायक्रोकोड लिहिला होता. म्हणून तो खेळ उच्चस्तरीय प्लगइनांना दीर्घकाळ अवघड गेला.

सामायिक स्मृतीमुळे दुसरी अडचण उद्भवते. ‘ऑकारिना ऑफ टाइम’ (१९९८) मध्ये सूर्याची चकाकी दाखवावी की नाही, हे ठरविण्यासाठी खेळ स्मृतीतील खोलीची नोंद वाचून पाहतो. सूर्य टेकडीआड असेल तर चकाकी दिसावयाची नाही. चित्र केवळ आधुनिक कार्डाच्या स्मृतीत रंगविले आणि ही नोंद मूळ जागी परत लिहिली नाही, तर खेळाला चुकीचे उत्तर मिळते. हा दोष खेळाचा नव्हे, प्लगइनचा होय. परंतु पाहणाऱ्यास तो भेद दिसत नाही.

आज उपलब्ध असलेल्या चित्र-प्लगइनांपैकी तीन विशेष विचारार्ह आहेत. ग्लायडेन ६४ हे मुख्यतः उच्चस्तरीय असून सामायिक स्मृतीचे बरेचसे व्यवहार सांभाळते आणि चित्र मूळाहून अधिक बारकाव्याने रंगवू शकते. अँग्रीलायन हे आर.डी.पी.चे काम मुख्य प्रक्रियकावरच बिंदूगणिक करते. ते अत्यंत काटेकोर, परंतु संगणकावर मोठा भार टाकणारे आहे. २०२० मध्ये नव्याने लिहिलेले पॅरलल-आरडीपी तोच काटेकोरपणा चित्रकार्डाच्या गणनशक्तीने साधते. मात्र चित्र-प्लगइन एकटे निवडून भागत नाही. शेवटच्या दोहोंना आर.डी.पी.च्या मूळ आज्ञा लागतात, व त्या निम्नस्तरीय आर.एस.पी. प्लगइनच पुरवू शकते. जोडी विजोड असल्यास पडदा कोरा राहतो, आणि नवशिका खेळाच्या प्रतीलाच दोष देतो.

ध्वनी-प्लगइनचे कार्य तुलनेने मर्यादित आहे. नियंत्रण-प्लगइनकडे मात्र दुर्लक्ष होता कामा नये. मूळ दांडी आपल्या सांकेतिक कमाल मूल्यापर्यंत प्रत्यक्षात पोहोचत नसे. आधुनिक दांडीचा पल्ला तसा मर्यादित न केल्यास पात्राची चाल अवास्तव तीव्र होते. तसेच काही खेळांची प्रगती कंट्रोलर पाकमध्येच जतन होत असे. तो प्लगइनमध्ये जोडलेला नसेल तर अनेक तासांचे काम वाया जाते.

तेव्हा सर्वोत्तम प्लगइन कोणते, या प्रश्नाचे उत्तर प्रयोजनावाचून देता येत नाही. सामान्य संगणकावर खेळ सुलभपणे पाहावयाचा असेल तर ग्लायडेन ६४ पुरेसे आहे. खेळाच्या दृश्यरूपाविषयी विधान करावयाचे असेल तर निम्नस्तरीय जोडीच निवडावी आणि चित्र मूळ मापातच ठेवावे. यंत्रात पृष्ठचित्रे तीनच नमुनाबिंदूंवरून मृदू केली जात, आणि सुमारे ३२० × २४० बिंदूंच्या चित्राच्या कडा अखेरच्या टप्प्यावर आणखी सौम्य होत. वाढविलेल्या मापात हीच दृश्ये धारदार आणि रिकामी भासतात. त्यांवरून तत्कालीन कलाकारांच्या अभिरुचीविषयी अनुमान काढणे म्हणजे उत्तरकालीन प्रतीतील फेरफार मूळ ग्रंथकाराच्या माथी मारणे होय.

म्हणून प्रबंधात एम्युलेटरवरील निरीक्षण नमूद करताना एम्युलेटरचे नाव, चारही प्लगइन, त्यांच्या आवृत्त्या आणि चित्राचे माप यांची नोंद अवश्य असावी. तिच्या अभावी वाचकाला ते निरीक्षण पडताळून पाहता येत नाही.