हिंगणीचा नळ आणि नागपूरचा करार

वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या हिंगणीपासून बोर धरण जवळच. धरणाभोवतीच्या जंगलाला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि बाहेरगावच्या गाड्या इकडे वळू लागल्या. नवख्या माणसाला वाटावं, इथे पाण्याची काय वानवा? पण ‘धरण उशाला अन् कोरड घशाला’ ही म्हण महाराष्ट्रात उगाच पडलेली नाही. धरण आणि घरातला नळ यांच्या मधे बरंच काही असतं: पंप, त्याचं वीजबिल, टाकी, जुनी झालेली जलवाहिनी, व्हॉल्व्ह, ब्लिचिंग पावडर आणि रोज पाणी सोडणारा माणूस.

खेड्यात हा सगळा पसारा ग्रामपंचायत सांभाळते. जल जीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात पोचवायचं हे त्याचं उद्दिष्ट, आणि त्यासाठी गावोगाव नळ टाकले गेले. नळ टाकणं एका वर्षाचं काम आहे; तो वीस वर्षं चालवणं हे खरं अवघड. पाणीपट्टी थकली की वीजबिल थकतं, बिल थकलं की पंप थांबतो, आणि पाणीच नाही तर पट्टी कशाला भरायची, असं लोक म्हणतात. हे चक्र तोडायला खासगी कंपनीची मदत घ्यावी का?

या प्रश्नाचं सर्वांत मोठं उत्तर हिंगणीच्या शेजारच्याच जिल्ह्यात लिहिलं जात आहे. नागपूर महापालिकेने आधी धरमपेठ भागात चोवीस तास पाण्याचा प्रयोग करून पाहिला. मग १ मार्च २०१२ पासून साऱ्या शहराचा पाणीपुरवठा ‘ऑरेंज सिटी वॉटर’ या कंपनीकडे पंचवीस वर्षांसाठी चालवायला दिला. फ्रान्सची व्हिओलिया आणि नागपूरची विश्वराज यांची ही भागीदारी. पेंच आणि कन्हानचं पाणी, शुद्धीकरण केंद्रं, टाक्या, जलवाहिन्या यांची मालकी महापालिकेचीच राहिली, आणि पाण्याचा दर ठरवण्याचा अधिकारही. नेटवर्क सुधारण्याच्या खर्चातला सुमारे ७० टक्के वाटा केंद्र आणि राज्य सरकारचा, उरलेला कंपनीचा.

करारातली कळीची गोष्ट वेगळीच आहे. कंपनीला मोबदला मिळतो तो बिलात उतरलेल्या पाण्यावर. सुरुवातीचा दर हजार लिटरला ७ रुपये ९० पैसे होता. नागपुरात तेव्हा शुद्ध केलेल्या पाण्यातलं निम्म्याहून जास्त पाणी गळती, चोरी आणि बंद मीटर यांत हरवत होतं. म्हणजे फुटलेला पाइप शोधून बदलण्यात कंपनीचाच फायदा. चोवीस तास पाण्याचा आग्रहही चैनीसाठी नाही. पुरवठा बंद झाला की पाइपमधला दाब जातो आणि गळक्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. शिवाय नळ तासभरच येणार म्हटलं की घरोघर टुल्लू पंप लागतात आणि शेवटच्या घराला थेंबही उरत नाही.

मग नागपूर सुखी झालं का? काही वस्त्यांमध्ये चित्र नक्की बदललं. पण ठरलेल्या पाच वर्षांत अख्ख्या शहराला चोवीस तास पाणी मिळालं नाही, शहराच्या कडेच्या वस्त्यांत टँकर फिरतच राहिले, आणि वाढलेली बिलं व मीटर यांवरून मोर्चे निघाले. चुकलेल्या मुदतीबद्दल जाब विचारायला महापालिकेकडे स्वतःचे जाणकार अभियंते हवेत. काम बाहेर दिलं म्हणून ते जाणणारी माणसं कमी केली, तर करार कागदावरच राहतो.

औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची गोष्ट कडू आहे. जायकवाडीहून समांतर जलवाहिनी टाकण्यासाठी २०१४ मध्ये एका खासगी कंपनीने शहराचा पाणीपुरवठा हाती घेतला. २०१६ मध्ये महापालिकेने करारच रद्द केला. लातूरमध्ये खासगी कंपनीशी झालेल्या २००८ च्या करारानंतर मीटर आणि दरांविरोधात लोक रस्त्यावर आले, तो प्रयोगही टिकला नाही. त्याच लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. मांजरा धरणच कोरडं पडलं होतं, आणि कुठलाही करार पाऊस पाडत नाही.

याउलट कराडजवळचं मलकापूर. या लहानशा गावाने कोयनेचं पाणी चोवीस तास द्यायला सुरुवात केली ती २००९ च्या सुमारास, नगरपंचायतीच्याच हातून, राज्याच्या जीवन प्राधिकरणाच्या साथीने. प्रत्येक नळाला मीटर, आणि जास्त वापरेल त्याला चढा दर. पॅरिसनेही २०१० मध्ये खासगी कंपन्यांकडचं पाणी पुन्हा शहराकडे घेतलं. तेव्हा खासगी की सरकारी, या वादात फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. पाणी किती येतं आणि कुठे जातं याचा हिशेब कोणाकडे आहे, हे आधी पाहावं.

हिंगणीएवढ्या गावासाठी मोठी कंपनी येणार नाही; एवढ्याशा नळांत तिचा खर्चही निघायचा नाही. इथे भागीदारीचं रूप लहान असतं. वर्धा जिल्ह्यात कमलनयन जमनालाल बजाज फाउंडेशनने नदी-नाल्यांचं पुनरुज्जीवन आणि बंधाऱ्यांची कामं लोकवर्गणी जोडून केली आहेत. पाच-सात ग्रामपंचायतींनी मिळून पंपदुरुस्ती आणि पाणीतपासणीचं वार्षिक कंत्राट एकाच ठेकेदाराला देणंही शक्य आहे. त्यात मोजके मुद्दे हवेत: पंप बिघडला तर किती तासांत माणूस येणार, पाण्याचा नमुना कधी तपासणार, उशीर झाला तर किती रक्कम कापणार, आणि दर फक्त ग्रामसभाच ठरवणार.

त्याआधी टाकीच्या तोंडाशी एक मीटर बसवावा लागेल. रात्री सगळे व्हॉल्व्ह बंद असतानाही त्याचा काटा फिरत राहिला, तर गळती नेमकी कुठे आहे ते दुसऱ्या दिवशी शोधता येईल, आणि ठेकेदाराशी बोलताना सरपंचाच्या हाती एक आकडा असेल.