राज्याचा महाधिवक्ता : पद, कार्ये आणि मर्यादा

प्रास्ताविक

राज्याच्या कार्यकारी मंडळाचा विचार करताना राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळ यांच्याकडे आपले लक्ष सहज जाते. मात्र या सर्वांना कायदेशीर सल्ला देणारे आणि न्यायालयात राज्याची बाजू मांडणारे एक पदही संविधानाने निर्माण केले आहे. ते म्हणजे महाधिवक्ता. केंद्रात जे स्थान महान्यायवादीचे, तेच राज्यात महाधिवक्त्याचे.

नेमणूक आणि पदावधी

अनुच्छेद १६५ नुसार राज्यपाल महाधिवक्त्याची नेमणूक करतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता त्या व्यक्तीकडे असावी लागते. म्हणजेच ती भारताची नागरिक असावी आणि तिला न्यायिक पदाचा किंवा उच्च न्यायालयातील वकिलीचा किमान १० वर्षांचा अनुभव असावा. या पदाला निश्चित मुदत नाही. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत महाधिवक्ता पदावर राहतो. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागत असल्यामुळे ही मर्जी व्यवहारात शासनाचीच असते. म्हणून सरकार बदलल्यावर महाधिवक्ता बहुधा राजीनामा देतो.

कार्ये

शासनाला कायदेशीर सल्ला देणे आणि सोपवलेली कायदेविषयक कामे पार पाडणे ही त्याची मुख्य कर्तव्ये होत. अनुच्छेद १७७ नुसार तो विधिमंडळाच्या कामकाजात भाग घेऊन बोलू शकतो. परंतु त्याला मतदानाचा अधिकार नाही.

काही कायद्यांनी मात्र त्याच्यावर स्वतंत्र निर्णयाची जबाबदारी टाकली आहे. समजा, एखाद्या लेखामुळे न्यायालयाचा फौजदारी अवमान झाला असे तुम्हाला वाटले. न्यायालय स्वतःहून दखल घेऊ शकते. पण तुम्हाला उच्च न्यायालयात अर्ज करावयाचा असेल, तर न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम १५ प्रमाणे महाधिवक्त्याची लेखी संमती आवश्यक असते. या गाळणीमुळे न्यायालयाचा वेळ वाचतो. शिवाय रागाच्या भरात केलेल्या तक्रारीपासून लिहिणाऱ्याच्या अभिव्यक्तीस्वातंत्र्याचेही रक्षण होते. ही संमती देताना किंवा नाकारताना शासनाची सोय पाहणे अपेक्षित नाही. महाधिवक्त्याने स्वतःच्या विवेकाने निर्णय घ्यावयाचा असतो.

मर्यादा

येथेच या पदातील अंतर्विरोध दिसतो. ज्या शासनाच्या मर्जीवर पद अवलंबून आहे, त्याच शासनाला ‘आपला निर्णय कायद्यात बसत नाही’ असे सांगण्याची वेळ महाधिवक्त्यावर येऊ शकते. अमेरिकेतील ५० पैकी ४३ घटकराज्यांत हे पद थेट निवडणुकीने भरले जाते. तेथे गव्हर्नरची मर्जी सांभाळावी लागत नाही. मात्र मतदारांचा कौल मिळवावा लागतो.

ख्यातनाम संविधानतज्ज्ञ एच. एम. सीरवाई १९५७ ते १९७४ या काळात प्रथम मुंबई राज्याचे व नंतर महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. पदावधीची हमी नसतानाही ते इतका दीर्घ काळ या पदावर राहिले. अर्थात, या संपूर्ण काळात राज्यात एकाच पक्षाची सत्ता होती, हेही ध्यानात घ्यावे.

सारांश, महाधिवक्ता शासनाचा वकील असला, तरी त्याची अंतिम निष्ठा कायद्याशी असावी लागते. ती टिकवण्यासाठी संविधानाने पदाला प्रतिष्ठा दिली, पण सुरक्षितता दिली नाही.

आपली प्रगती तपासा

महाधिवक्त्याला निश्चित पदावधी द्यावा काय? तुमचे मत सकारण लिहा.