महाधमनीचा फुगा: तार असताना चिरा कशाला?

“हल्ली सगळं जांघेतून तारेनं होतं, मग छाती कशाला उघडायची?” महाधमनीला फुगा आहे म्हटल्यावर नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. प्रश्न रास्तच आहे. १९९० साली ब्युनोस आयर्सच्या हुआन पारोदींनी जांघेतून नळी घालून पोटातला फुगा आतून बंद केला. मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या खाली असलेल्या फुग्याला हा उपाय अनेकदा पुरतो.

अडचण येते ती फाट्यांवर. शिक्रापूरचा चौक झाकून पुणे-नगर वाहतूक सरळ पुढे काढली, तर चाकणला जाणाऱ्यांनी वळायचं कुठून? महाधमनीच्या कमानीतून मेंदू आणि हातांचे फाटे निघतात, पोटात यकृत, आतडी आणि मूत्रपिंडांचे. तिथे साधी नळी बसवली की फाट्याचं तोंडच बंद होतं. म्हणून सर्जन आधी गळ्याजवळ किंवा पोटात चिरा देऊन त्या फाट्यांना बायपासने दुसरीकडून रक्त देतात आणि मग तारेवरून नळी सरकवतात. चिरा आणि तार यांची ही जोड-शस्त्रक्रिया कधी एकाच दिवशी होते, कधी दोन टप्प्यांत. कमानच खराब असेल तर छाती उघडून ती बदलतात आणि त्याच वेळी नव्या नळीचं स्टेंट असलेलं शेपूट खालच्या महाधमनीत सोडतात. मोकळं शेपूट सोडण्याची मूळ युक्ती जर्मनीतल्या हान्स बोर्स्ट यांची, १९८३ची.

“दोन्ही पद्धती एकत्र, म्हणजे धोका निम्मा,” हा समज मात्र चुकीचा. पक्षाघात, मणक्यातल्या मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटून पाय लुळे पडणं, मूत्रपिंड बिघडणं हे धोके राहतातच. पोटातल्या फाट्यांसाठी आता खिडक्या किंवा फांद्या असलेल्या नळ्या मिळतात. त्या बसण्याजोग्या असतील तर पोटावरचा मोठा चिरा टाळलेला बरा. कमानीत मात्र जोड-शस्त्रक्रियेचं महत्त्व अजून टिकून आहे.

नळी बसली की विषय संपला, असंही नाही. कडेने रक्त झिरपून फुगा पुन्हा वाढू शकतो. ठरावीक काळाने सीटी स्कॅन आयुष्यभर करावा लागतो.

आणि फुगा दिसला की लगेच ऑपरेशन? नाही. पोटातली महाधमनी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ३ झाली की फुगा म्हणतात, आणि शस्त्रक्रियेचा विचार पुरुषांत साधारण ५.५ला, स्त्रियांत ५ला होतो. लवकर वाढला किंवा दुखू लागला तर आधीच. तोवर सोनोग्राफीने लक्ष ठेवायचं, रक्तदाब आटोक्यात ठेवायचा आणि बिडी-सिगारेट सोडायची.

फुगा बहुतेकदा दुखत नाही. पासष्टी ओलांडलेल्या आणि कधीकाळी बिडी ओढलेल्या पुरुषांनी पोटाची एक सोनोग्राफी करून घ्यावी. पाठीत किंवा पोटात अचानक असह्य कळ येऊन घाम फुटला, तर फुगा फुटला असू शकतो; पित्त समजून घरी थांबू नका. १०८ला फोन करा.