पेडल काय सांगते?

घोडबंदर रस्त्यावरचा गायमुख घाट उतरताना मोटारीतील सर्वांची भिस्त ब्रेकच्या थोड्याशा तेलावर असते. बंदिस्त द्रवावरचा दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम तुम्ही शिकलाच आहात. द्रव जवळजवळ दबत नाही. हवा मात्र दबते.

आता घरच्या मोठ्यांना घेऊन हा प्रयोग करा. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावा. इंजिन बंद ठेवून त्यांना पेडल चार-पाच वेळा दाबून मग दाबून धरायला सांगा. कडक राहिले तर ठीक. स्पंजासारखे लागले तर नळीत हवा शिरली असावी. हळूहळू खाली गेले तर गळतीची शंका घ्या.

ठाणे-डोंबिवलीच्या दमट हवेतले बाष्प हे तेल शोषते. उतारावर ब्रेक तापले की त्याची वाफ होते आणि पेडल पोकळ जाते! म्हणून तेल मुदतीत बदलावे. दोष दिसला, तर गाडी हलवू नका; मेकॅनिकलाच घरी बोलवा.