औषधांतील विष आणि संशयाची दिशा

शिरूरच्या बाजारपेठेंतून औषधाची बाटली घेऊन एखादा गृहस्थ घरीं परततो, तेव्हां त्या एका बाटलीबरोबर आपण किती अपरिचित माणसांवर विश्वास टाकीत आहों, याचा विचार सहसा त्याच्या मनांत येत नाहीं. औषधाला लागणारा मूळ द्रव एके ठिकाणीं तयार होतो; दुसऱ्या ठिकाणच्या व्यापाऱ्यामार्फत तो तिसऱ्या ठिकाणच्या कारखान्यांत जातो; तेथें औषध बनतें, बाटल्यांत भरलें जातें, त्यांवर चिठ्ठी लागते; आणि मग ठोक विक्रेत्याच्या वखारींतून तें घोडनदीकांठच्या दुकानांतील फळीवर येऊन बसतें. भाजी निवडून घेतां येते, धान्य पाखडून घेतां येतें, दूध तापवून घेतां येतें. औषधाच्या बाबतींत घरच्या माणसाला यांपैकीं कांहींच करतां येत नाहीं. तें वैद्याच्या शब्दावर आणि चिठ्ठीवरील अक्षरांवर विसंबून प्यावें लागतें.

अशा औषधांतच विष निघालें आणि माणसें दगावलीं, तर संशय कोणावर घ्यावा? हा प्रश्न केवळ पोलिसांचा नाहीं. ज्या घरांतील माणूस गेलें त्या घराचा, ज्या दुकानदारानें तें औषध विकलें त्याचा, आणि ज्या डॉक्टरानें तें लिहून दिलें त्याचाहि तो प्रश्न आहे. गेल्या शतकांतील कांहीं प्रकरणें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं, तर या प्रश्नाचें उत्तर कोणत्या वाटेनें शोधावें लागतें हें स्पष्ट होतें.

पहिलें प्रकरण मुंबईचें आहे. १९८६ सालच्या आरंभीं तेथील जे. जे. रुग्णालयांत एक चमत्कारिक प्रकार दिसून आला. मेंदूवरील किंवा डोळ्यांतील वाढलेला दाब उतरविण्यासाठीं रोग्यांना ग्लिसरिन पाजण्याची पद्धत होती. ग्लिसरिन रक्तांत मिसळलें म्हणजे तें मेंदूंतील व डोळ्यांतील जादा पाणी ओढून घेतें आणि दाब कमी होतो. परंतु या वेळीं तें प्यालेल्या रोग्यांची लघवी बंद होऊं लागली, मूत्रपिंडें निकामी होऊं लागलीं, आणि पाहतां पाहतां १४ माणसें दगावलीं. त्या रोग्यांचे आजार एक नव्हते. कांहीं नेत्रविभागांतील होते, तर कांहीं मेंदूच्या विकारांचे. सर्वांत समान अशी एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे ग्लिसरिन. तपासणी केली तेव्हां त्यांत डायएथिलिन ग्लायकॉल नांवाचा द्रव मिसळलेला निघाला.

हा द्रव कारखान्यांतील कामाचा आहे. तो रंगहीन, दाट आणि चवीला गोडसर असतो. त्यामुळें ग्लिसरिनांत मिसळला तर डोळ्यांना अथवा जिभेला ओळखूं येत नाहीं, आणि स्वस्त असल्यामुळें भेसळ करणाऱ्याला तो सोयीचा पडतो. पोटांत गेल्यावर यकृतांत त्याचें रूपांतर होऊन जें आम्ल तयार होतें, तें मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिकांचा नाश करतें. ही गोष्ट १९८६ सालीं नवी नव्हती. अमेरिकेंत १९३७ सालीं याच द्रवांत सल्फानिलामाइड विरघळवून एक औषध बाजारांत आणलें गेलें होतें, आणि त्यानें शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला होता. त्यानंतर तेथें, औषध विकण्यापूर्वीं तें निर्धोक असल्याचें दाखविलेंच पाहिजे, असा कायदा १९३८ सालीं झाला. म्हणजे जे. जे. मधील रोगी मरण पावले, तेव्हां या विषाची माहिती जगाला जवळजवळ अर्धें शतक होती.

मग अपराधी कोण? विष कालवून ठेवणारा एखादा गुप्त शत्रु येथें शोधावा लागला नाहीं. शासनानें न्यायमूर्ति लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला. दीर्घकाळ साक्षी झाल्या, आणि आयोगाच्या अहवालांत जी साखळी दिसली तींत अनेक हात होते. माल पुरविणारे होते, खरेदी करणारे होते, तपासणीची जबाबदारी असलेले होते आणि त्यांच्यावर देखरेख करणारेहि होते. अहवाल १९८८ सालीं विधिमंडळापुढें आला आणि राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावें लागलें. त्या साखळींतील कोणालाहि त्या १४ रोग्यांचीं नांवें ठाऊक नव्हतीं, आणि त्यांना मारण्याची इच्छा होती असेंहि नाहीं. प्रत्येकानें आपल्या वांट्याची तपासणी दुसऱ्यानें केली असेल असें गृहीत धरलें, किंवा लाभासाठीं ती टाळली.

दुसरें प्रकरण याच्या नेमकें उलट आहे. १९८२ सालच्या सप्टेंबरअखेरीस अमेरिकेंतील शिकागो शहराच्या परिसरांत टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूल घेऊन सात माणसें थोड्या अवधींत मेलीं. त्यांत एक बारा वर्षांची मुलगी होती. एकाच कुटुंबांतील तिघे होते. पहिल्याच्या मृत्यूनंतर शोकासाठीं जमलेल्यांपैकीं दोघांनीं डोकें दुखतें म्हणून त्याच बाटलींतील कॅप्सूल घेतल्या होत्या. कॅप्सूलमध्यें पोटॅशियम सायनाइड भरलेलें होतें.

येथें तपास करणाऱ्यांनीं जी पहिली गोष्ट पाहिली, ती लक्षांत ठेवण्यासारखी आहे. विषारी बाटल्या निरनिराळ्या कारखान्यांत भरलेल्या होत्या, त्यांचे बॅच क्रमांक वेगवेगळे होते. मृत्यु मात्र सारे एकाच शहराच्या आसपास झाले होते. विष कारखान्यांत पडलें असतें, तर एका बॅचचीं औषधें जेथें जेथें गेलीं तेथें तेथें माणसें मेलीं असतीं. यावरून असा निष्कर्ष निघाला कीं, कोणीतरी दुकानांतून बाटल्या नेल्या, कॅप्सूल उघडून त्यांत विष भरलें, आणि त्या पुन्हां फळीवर ठेवून दिल्या. जे. जे. मध्यें याच तर्कानें उलटें उत्तर मिळतें. तेथें विभाग निराळे होते, रोग निराळे होते, पण माल एकच होता. म्हणून संशय वॉर्डांतील परिचारिकेकडे न जातां पुरवठ्याकडे गेला. मृत्यु कोठें झाले आणि औषध कोणत्या बॅचचें होतें, या दोन गोष्टी एकत्र मांडल्या म्हणजे विष साखळीच्या कोणत्या कडीपाशीं शिरलें तें समजूं शकतें.

परंतु कडी सांपडणें आणि माणूस सांपडणें यांत फार अंतर आहे. शिकागोंत कडी सांपडली. माणूस आजतागायत सांपडलेला नाहीं. जेम्स लुईस नांवाच्या इसमानें उत्पादक कंपनीला पत्र लिहून, दहा लाख डॉलर द्या म्हणजे हे मृत्यु थांबतील, अशी मागणी केली. खंडणीबद्दल त्याला शिक्षा झाली आणि कित्येक वर्षें त्यानें तुरुंगांत काढलीं. पण विष त्यानें घातलें, हें कधींच सिद्ध झालें नाहीं. त्या दिवसांत तो न्यूयॉर्कमध्यें राहत होता, आणि विषाचा आरोप त्यानें शेवटपर्यंत नाकारला. २०२३ सालीं तो मरण पावला. दुसरा संशयित रॉजर आर्नल्ड. तो किराणामालाच्या एका मोठ्या दुकानदारीच्या वखारींत काम करी, आणि आपल्याजवळ सायनाइड असल्याचें तो बोलला, असें पोलिसांच्या कानीं आलें. त्याची चौकशी झाली, आरोप मात्र ठेवला गेला नाहीं. परंतु त्याचें नांव वृत्तपत्रांतून गाजलें. आपल्याविषयीं पोलिसांना कोणीं सांगितलें या रागानें तो पेटला, आणि १९८३ सालीं तो खबऱ्या समजून त्यानें भलत्याच, ज्याचा या प्रकरणाशीं कांहीं संबंध नव्हता अशा माणसाला गोळी घालून ठार केलें. अशा रीतीनें विषानें सात माणसें मारल्यावर संशयानें आठवा बळी घेतला.

अपराध्याचा हेतु काय असावा, हेंहि अशा प्रकरणांत वरवर पाहून सांगतां येत नाहीं. १९८६ सालीं अमेरिकेच्याच वॉशिंग्टन राज्यांत एक्सेड्रिन नांवाच्या औषधांतील सायनाइडनें दोन माणसें मेलीं. प्रथम तो कोणा माथेफिरूचा उद्योग वाटला. पुढें असें निष्पन्न झालें कीं, मृतांपैकीं एकाच्या बायकोनें विम्याच्या पैशासाठीं नवऱ्याला विष दिलें होतें, आणि तो मृत्यु बाहेरच्या घातपातांतील वाटावा म्हणून दुकानांतहि विषारी बाटल्या ठेविल्या होत्या. त्यांतल्याच एका बाटलीनें एक अनोळखी स्त्री मेली. त्या विषांत माशांच्या काचपेटींतील शेवाळ मारण्याच्या औषधाचे हिरवे कण मिसळलेले होते. या कणांच्या धाग्यानें तपास तिच्यापर्यंत पोंचला, आणि १९८८ सालीं ती दोषी ठरली.

संशय आणि पुरावा यांचें वजन कसें करावें, हें आपल्याकडील न्यायालयांनींहि सांगून ठेविलें आहे, आणि त्यांतील दोन प्रसिद्ध खटले पुण्याचेच आहेत. पहिला लागू खटला. १९५६ सालच्या नोव्हेंबरांत पुण्याची एक श्रीमंत विधवा आपल्या डॉक्टराबरोबर रात्रीच्या गाडीनें मुंबईस निघाली. ती मुंबईस बेशुद्धावस्थेंत पोंचली. डॉक्टरानें तिला खोट्या नांवानें रुग्णालयांत दाखल केलें, आणि त्याच दिवशीं ती मरण पावली. शवचिकित्सेंत विष आढळलें नाहीं. परंतु पुढें त्या डॉक्टरानें ती जिवंत असल्याचीं पत्रें पाठविलीं आणि तिची मालमत्ता गिळंकृत केली. विषाचें नांव ठाऊक नसतांनाहि या परिस्थितिजन्य पुराव्यावर सर्वोच्च न्यायालयानें १९५९ सालीं बहुमतानें शिक्षा कायम केली. एका न्यायमूर्तींनीं मात्र भिन्न मत नोंदविलें.

दुसरा सारडा खटला. त्यांत १९८२ सालीं पुण्यांत झालेला मृत्यु पोटॅशियम सायनाइडनेंच झाला होता, याबद्दल शंका नव्हती. खालच्या न्यायालयांनीं पतीला मृत्युदंड दिला. सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं त्याला निर्दोष सोडलें, कारण आत्महत्येची शक्यता पुराव्यानें खोडली गेली नव्हती. विषप्रयोगाच्या खटल्यांत चार गोष्टी दिसल्या पाहिजेत, असें तेथें सांगितलें गेलें: हेतु स्पष्ट असावा, मृत्यु विषानेंच झालेला असावा, तें विष आरोपीजवळ असावें, आणि तें देण्याची संधि त्याला मिळालेली असावी. संशय कितीहि बळकट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊं शकत नाहीं, हेंहि याच खटल्यांत पुन्हां अधोरेखित झालें. हीच कसोटी शिकागोच्या संशयितांना लावली, तर लुईसजवळ विष होतें आणि त्याला संधि होती हें दिसत नाहीं, आणि आर्नल्डचा हेतु दिसत नाहीं.

हा सारा इतिहास जुना झाला, असें मात्र समजूं नये. २०२५ सालीं मध्य प्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याच्या औषधानें वीसहून अधिक लहान मुलें दगावलीं. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठीं नागपुरास आणलें होतें. विष तेंच होतें, डायएथिलिन ग्लायकॉल. तामिळनाडूंतील तपासणींत त्या औषधाचा जवळजवळ अर्धा भाग तोच निघाला. प्रथम अटक झाली ती औषध लिहून देणाऱ्या डॉक्टराला. कारखान्याचा मालक त्यानंतर कांहीं दिवसांनीं पकडला गेला. दोष कोणाचा किती, हें न्यायालयानें ठरवावयाचें आहे. पण संशय प्रथम जवळच्या हाताकडे वळतो, आणि विष पुष्कळदा दूरच्या हातानें शिरलेलें असतें, हें या घटनाक्रमांतहि दिसतें.

या सर्वांतून सामान्य घराला उपयोगी पडेल अशी गोष्ट साधी आहे. औषध घेतांना सील तुटलेलें नाहीं हें पाहावें; शिकागोच्या घटनेनंतरच अशीं सीलें अमेरिकेंत सक्तीचीं झालीं. दुकानदाराकडून पावती घ्यावी आणि तिच्यावर बॅच क्रमांक आहे ना, तें पाहावें. औषध घेतल्यावर मुलाची लघवी थांबली, उलट्या होऊं लागल्या किंवा गुंगी आली, तर औषध बंद करून त्याला तत्काळ रुग्णालयांत न्यावें, आणि ती बाटली बरोबर न्यावी. रागाच्या भरांत ती फेंकून देऊं नये, कीं धुऊन ठेवूं नये. तिच्या तळाशीं उरलेले चार थेंब आणि चिठ्ठीवरचा क्रमांक हेच त्या वेळीं सर्वांत महत्त्वाचे साक्षीदार असतात. गांवच्या दुकानदारावर दगड फेंकून दुसऱ्या गांवांतील मूल वांचत नाहीं. तो क्रमांक अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यापर्यंत त्याच दिवशीं पोंचला, तर त्याच बॅचची दुसरी बाटली उघडण्यापूर्वींच अडविली जाण्याचा संभव असतो.